वडिलांचे नाव, असल्यास

सकाळी ऑफिसात येऊन त्याने मशीन चालू केलं, खिडकीने, म्हणजे त्याच्या सहकारिणीने, आदल्या दिवशी कोडमध्ये केलेले बदल उतरवून घेतले, आणि चहाचा कप टेबलावर टेकतोय न टेकतोय तोच समोरची स्क्रीन लाल झाली. एखादी ओळ नव्हे, वरपासून खालपर्यंत सगळीच. प्रत्येक फाइलच्या नावाला लाल ठिपका, आणि फाइल उघडावी तर आत शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. शब्द सगळीकडे एकच होता: फादर. कप त्याच्या हातातच राहिला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खरं तर असं व्हायचं काही कारण नव्हतं. लाल रेघ म्हणजे यंत्राने दाखवलेली चूक, आणि अशा रेघा हे त्याचं रोजचं काम. दाढी करताना पाणी गरम करावं तितक्या सहज तो त्या पुसत आला होता. पण आज त्या सगळ्या एकाच शब्दाखाली होत्या आणि तो शब्द त्याच्याकडे बघत होता. नेमका बदल काय केलाय ते त्याने मुळाशी जाऊन पाहिलं. बदल एका अक्षराचाही नव्हता. 'फादर' या शब्दापुढे खिडकीने एक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं.

खिडकी म्हणजे त्याच्या समोरच्या टेबलावर बसणारी बाई. कंपनी लहान, एका मजल्यावर मावणारी. शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची: प्रवेश, हजेरी, सहलीची परवानगी, निकाल. पालकांना आणि शिक्षकांना फोनवर जे दिसतं ते ही बनवायची; ती माहिती जिथे साठते आणि जिथून पुरवली जाते तो मागचा सर्व्हर हा सांभाळायचा, जिथे कोणी डोकावायला येत नाही. म्हणून तो तिला खिडकी म्हणायचा आणि ती त्याला तळघर. "काय तळघर, आज ओल कितपत?" असं ती सकाळी विचारायची. पूर्वी कामात दोघांचे दोन संसार होते. विद्यार्थी म्हणजे काय, त्याला काय काय असतं, नाव, इयत्ता, आई, वडील, फोन, याचं एक वर्णन त्याच्याकडे आणि एक तिच्याकडे, आणि दोन्ही सारखीच आहेत असा दोघांचाही गोड गैरसमज. मग एकदा त्याने आपल्या बाजूला एका शब्दाचं चुकीचं स्पेलिंग सुधारलं, अगदी चांगल्या बुद्धीने, आणि तिला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पालकांच्या फोनवर मुलाच्या नावाच्या जागी नुसती पांढरी पट्टी. त्या दिवशी खिडकी त्याला जे बोलली ते सगळ्या मजल्याने ऐकलं. "तू तिकडे काहीतरी ठरवून मोकळा होतोस," ती म्हणाली होती, "आणि मी इकडे तेच धरून बसलेली असते जे तू कधीच सोडून दिलंयस!" ती स्पेलिंगबद्दल बोलत होती. पण हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, त्याने घरीही ऐकलं होतं, आणि ते तिथे कशाबद्दल होतं हे त्याला नीटसं कळलं नव्हतं.

त्या भांडणातून सामायिक फाइल जन्मली. प्रत्येक गोष्टीचं एकच वर्णन, एकाच जागी. त्या वर्णनाला टाइप म्हणतात. सर्व्हरने तेच वाचायचं, स्क्रीननेही तेच. त्यात कोणी काडीइतका बदल केला की दुसऱ्याच्या मशीनवर, जिथे जिथे त्याचा संबंध येतो तिथे तिथे, लाल रेघ उमटायची. आता कोणाला गुपचूप काही बदलायची सोय राहिली नव्हती. ती फाइल त्याची आवडती होती. कधी कधी काही काम नसतानाही तो ती उघडून बघत बसायचा, जशी काही माणसं आवरलेलं कपाट उघडून बघतात. तो बायकोला 'लवकर येतो' म्हणायचा. त्याच्या लेखी लवकर म्हणजे मुलगी झोपायच्या आत. तिच्या लेखी लवकर म्हणजे बाहेर उजेड असेपर्यंत. इतकी वर्षं दोघं तोच शब्द वापरत राहिले, कोणी कोणाला विचारलं नाही, कुठे रेघ उमटली नाही. एका रविवारी दुपारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मला वाटतं आपण वेगळं राहून बघू." आवाज चढला नव्हता. हातातलं ताट तिने नीट कोरडं केलं आणि जागेवर ठेवलं. आता तो ऑफिसपासून जवळच एका खोलीत राहत होता, आणि त्याची बायको आणि मुलगी त्याच जुन्या घरात.

"हे प्रश्नचिन्ह कशाला?" त्याने टेबलापलीकडे विचारलं.

"असेल किंवा नसेल," खिडकी मान वर न करता म्हणाली. "एवढाच त्याचा अर्थ. तुला माहीत नाही होय?"

"अर्थ माहितीय. कारण विचारतोय."

"एका बाईंचा फोन आला होता. सांगते नंतर, आत्ता साहेबांनी बोलावलंय." आणि ती लॅपटॉप काखेत मारून मीटिंगला निघून गेली.

आतापर्यंत फादर अत्यावश्यक होता. म्हणजे विद्यार्थी आहे तर वडील आहेतच, हे सगळ्या कोडने धरून चाललेलं. कुठेही विचारायची गरज नव्हती. आता प्रत्येक ठिकाणी यंत्र विचारत होतं: आणि नसले तर? प्रवेशाच्या पावतीवर: नसले तर? निकालावर सही कोणाची? पालकसभेचं बोलावणं कोणाला? मुलाला मैदानावर लागलं, दवाखान्यात न्यायचंय, पहिला फोन कोणाला? यावर एक सोपा तोडगा असतो आणि तो या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. शब्दापुढे उद्गारचिन्ह टाकायचं. त्याचा अर्थ, तू गप्प बस, मी सांगतो ना, आहे. रेघ जाते. खरोखरच आहे का, हे पुन्हा कोणी विचारत नाही. त्याने तसं करायला सुरुवात केली. फादर! पावतीवर. फादर! निकालावर. फादर! फादर! भराभर, एकामागून एक, गर्दीत कोणी हरवल्यावर हाका माराव्यात तसा तो ती चिन्हं टाकत गेला, लाल ठिपके विझत गेले. आणि मग ओटीपीची फाइल उघडली, आणि बोट कळीवर तसंच थांबलं.

मुलाला सहलीला पाठवायचंय, दुपारीच घरी न्यायचंय, पोहण्याच्या तुकडीत घालायचंय, शाळेने काहीही मागितलं की परवानगीचा ओटीपी वडिलांच्या फोनवर जायचा. वडिलांच्याच का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. अगदी सुरुवातीला कोणीतरी तसं लिहून टाकलं होतं. कोणी, हेही आता आठवत नव्हतं. बहुधा त्यानेच. मुलीची शाळाही हेच सॉफ्टवेअर वापरायची. शाळेने ते घेतलं तेव्हा त्याने घरी पेढ्यांऐवजी आइस्क्रीम आणलं होतं. मुलीला तो टिचकी म्हणायचा, कारण अंगावरची असताना कोणीही कडेवर घेतलं की ती त्याच्या नाकावर टिचकी मारायची. टिचकी आता अकरा वर्षांची होती. रविवार आधी त्याचे होते. मग पोहण्याचा सराव रविवारी ठेवला गेला, आणि सरावानंतर ती दमलेली असायची, आणि मग रविवार हळूहळू कोणाचेच राहिले नाहीत. राहिला तो ओटीपी. फोन वाजायचा, शाळेच्या ऑफिसातला नंबर असायचा, आणि तिचा आवाज: "बाबा, ओटीपी." बाबा आणि ओटीपी यांच्यामध्ये श्वासही नसायचा.

मेसेज तोवर आलेला असायचा. तळहातात फोन थरथरून गेलेला असायचा, सहा आकडे समोर लखलखीत. आणि तो म्हणायचा, "अजून नाही गं आला. थांब हं. नेटवर्क जरा..." तेवढ्यात मिळेल ते तो ऐकून घ्यायचा. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज. कोणीतरी तिला दुसऱ्याच कुठल्या नावाने हाक मारतंय, मैत्रिणींनी ठेवलेलं काहीतरी नाव, जे त्याला कधी नीट ऐकू आलं नाही. तिचं नाक चोंदलेलं आहे की नाही. "काय खाल्लंस?" तो विचारायचा. "बाबा, मॅडम थांबल्यायत." "हो हो, येतोय, आलाच बघ." मग तो आकडे सांगायचा, एकेक, सावकाश, दोन आकड्यांमध्ये जितकं थांबता येईल तितकं थांबून. एकदा, फक्त एकदाच, त्याने शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला. पाच होता, त्याने सहा सांगितला. फोन लगेच पुन्हा आला. "बाबा, चुकलंय ते!" ती वैतागली होती, आणि वैतागल्यावर ती अगदी तिच्या आईसारखी 'च'वर जोर द्यायची हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं. त्या दिवशी त्याला स्वतःची लाज वाटली. आणि तरीही तो दिवस चांगला गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत खिडकीने डबा उघडला आणि त्या बाईंची गोष्ट सांगितली. मदतीच्या क्रमांकावर फोन आला होता, उचलायला कोणी नव्हतं म्हणून हिनेच उचलला. "बाई म्हणतात, आमच्या साहेबांचा फोन बंद पडलाय, नंबर बदलून द्या. मी म्हटलं, साहेबांनाच बोलू द्या, पडताळणी करावी लागते. तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, ताई, साहेब असते तर बोलले असते की. म्हणजे? तर म्हणे साहेब कधी नव्हतेच. ॲप पुढे जाऊच देत नव्हतं, म्हणून नाव सुचेल ते टाकलं आणि वडिलांसाठी दुसरा फोन घेतला. जुनाच, स्वस्तातला. इतकी वर्षं त्या दोन फोन बाळगतायत. पर्समध्ये एक त्यांचा, एक नवऱ्याचा. मुलीच्या शाळेला कधी कळलंही नाही." तिने पोळीचा घास हातात धरून ठेवला होता. "आणि बरं का, हसत हसत सांगत होत्या. साहेब फार गुणी होते म्हणाल्या, रोज रात्री चार्ज करून ठेवलं की काही कटकट नाही. मीही हसले रे. आणि फोन ठेवल्यावर मला काही सुचेना."

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता काय. फोन बंद पडला त्याच दिवशी आंतरशालेय स्पर्धा होती. ओटीपी आला नाही. सगळ्या मुली बसमध्ये बसून गेल्या आणि त्यांची मुलगी एकटी ऑफिसच्या बाकावर. खेळाच्या कपड्यांत."

जागेवर येऊन त्याने साठवलेली माहिती उघडली. मुलांची नावं झाकून, नुसता वडिलांच्या नावाचा रकाना. आजवर त्याला हा रकाना भरलेला आहे एवढंच माहीत होतं. रिकामा असूच शकत नाही, यंत्र सोडणारच नाही. भरलेला होताच. बहुतेक ठिकाणी सरळ नावं होती. पण मधूनच नुसतं एक टिंब. एक आडवी रेघ. 'लागू नाही'. 'माहीत नाही'. कोणीतरी मुलाचंच नाव पुन्हा लिहिलेलं. कोणीतरी 'मामा'. आणि एका ठिकाणी, 'आईच'. तो पुन्हा पुन्हा त्या 'च'पाशी येत राहिला. तो 'च' टाइप करणारी बाई कशी बसली असेल, रागात की थकून, स्क्रीन पुढे जात नाही म्हणून, आणि ती स्क्रीन पुढे न जाऊ देणारा, इथे, पंख्याखाली, थंड झालेल्या चहापाशी.

त्याचा स्वतःचा तो रकाना कधीच रिकामा नव्हता. त्याचे वडील छापखान्यात रात्रपाळीला होते. तो शाळेतून यायचा तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, दाराबाहेर जोड्यांची जोडी, आणि आईचं बोट ओठांवर. "हळू. बाबा झोपलेत." सगळं बालपण त्या दाराबाहेर, हळू आवाजात. पाट सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. शिंक आली तर गॅलरीत जाऊन शिंकायचं. शाईचा आणि रॉकेलचा एक वास त्या दाराखालून यायचा, आणि त्याला वडील म्हटलं की आधी तो वासच आठवायचा, चेहरा नंतर. संध्याकाळी ते उठायचे, भिंतीकडे तोंड करून जेवायचे, सायकल काढायचे. एकदा जेवता जेवता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे खरोखरच पाहिलं, आणि विचारलं, "कितवीत आहेस रे तू?" आई पटकन म्हणाली, "सातवीत की!" जणू तिचीच परीक्षा होती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. शाळेच्या प्रत्येक कागदावर त्यांचं पूर्ण नाव होतं, ठळक अक्षरात, सहीसकट. यंत्राला विचारलं असतं तर यंत्राने सांगितलं असतं, वडील: आहेत. आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं होतं की आपण असे होणार नाही, आपण आपल्या मुलांना नुसते बंद दाराचे वडील होणार नाही. टिचकी कितवीत आहे हे त्याला माहीत होतं. तुकडी, हजेरीक्रमांक, बसचा मार्ग, मागच्या महिन्यातले गैरहजर दिवस, सगळं माहीत होतं. सर्व्हर त्याच्याकडेच होता.

दुपारनंतर तो पुन्हा पहिल्या फाइलपासून बसला. टाकलेली उद्गारचिन्हं एकेक करून काढली. काढलं की लाल रेघ परत यायची, आणि तिला उत्तर द्यावं लागायचं, नीट, तो तिथे असल्यासारखं. पावतीवर वडील नसतील तर आईचं नाव. तीही नसेल तर जो कोणी मुलाला सांभाळतो त्याचं. निकालावर सहीची एकच जागा, खाली 'पालक', कुठलं नातं ते नको. दवाखान्याच्या फोनला तो बराच वेळ अडून राहिला. पहिला फोन कोणाला, हे यंत्राने ठरवायचं नाही, घरच्यांनी ठरवून दिलेल्या क्रमाने जायचं, असं त्याने लिहिलं. काम करता करता त्याला विचित्र वाटू लागलं. एकेका खोलीत जाऊन तो एका माणसाची खुर्ची उचलत होता, आणि ती उचलल्यावर खोली पडत नव्हती. सगळं चालत होतं. मुलं शाळेत जात होती, त्यांना निकाल मिळत होते, गुडघे फुटल्यावर त्यांना कोणीतरी घ्यायला येत होतं. पिशवी खांद्याला लावताना त्याने शेवटची फाइल उघडली. ओटीपीची. तिथे त्याने उद्गारचिन्ह टाकलं, लाल ठिपका विझला, आणि मशीन बंद करून तो घरी गेला. घरी म्हणजे खोलीवर.

दुसऱ्या दिवशी खिडकीने त्याचं काम तपासायला घेतलं. दोघांपैकी कोणीही काही केलं की दुसऱ्याने वाचल्याशिवाय ते पुढे जायचं नाही, हाही त्या जुन्या भांडणानंतरचाच नियम. ती बराच वेळ वाचत होती. दोनदा "छान," म्हणाली, जे ती सहसा म्हणत नसे. मग तिच्या बोटांचा आवाज थांबला.

"अरे, हे एक राहिलं वाटतं. ओटीपीमध्ये. उद्गारचिन्ह आहे अजून."

"राहिलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मुद्दाम ठेवलंयस?"

त्याने उत्तर तयार करून ठेवलं होतं. सुरक्षेचा प्रश्न आहे, नंतर स्वतंत्रपणे करू, शाळांना विचारावं लागेल. पण त्याला टेबलाच्या कडेची सुटलेली पट्टी दिसली, ती तो नखाने दाबत होता.

"तुझी मुलगी आपल्याच सॉफ्टवेअरवर आहे ना?" खिडकीने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"हो."

"फोन करते?"

"ओटीपीसाठी करते."

ती खुर्चीत मागे टेकली. तिच्याही घरी काही ना काही असेलच. पण दोघं कधी त्या बाजूला गेले नव्हते, तळघर आणि खिडकी एवढ्यावर त्यांचं भागत आलं होतं. "हे बघ," ती शेवटी म्हणाली, "मी हे असं पुढे जाऊ देणार नाही. त्या मुलीला मी बाकावर बसलेलं बघितलेलं नाही, पण मला ती दिसते. तरी मी माझ्या हाताने काढणारही नाही. तू काढ. आज नाही तर उद्या काढ, मी थांबते."

ती उठून पाणी आणायला गेली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिकडे राहिली. त्याने ते चिन्ह काढलं. ती परत आली तेव्हा तो लिहीत होता: ओटीपी कोणाच्या फोनवर जायचा ते घरच्यांनी निवडायचं, आई, वडील किंवा आणखी कोणी, निवडलं नसेल तर आधी होतं तेच. साध्या चार-पाच ओळी. सगळ्या स्क्रीनवर एकही लाल ठिपका उरला नाही. खिडकीने आपल्या बाजूला प्रवेशाच्या पानावर शब्द बदलला आणि त्याला बोलावून दाखवला. पूर्वी तिथे 'वडिलांचे नाव' आणि पुढे तांबडी चांदणी होती, भरलंच पाहिजे म्हणून. चांदणी गेली होती. 'वडिलांचे नाव (असल्यास)'. "जुन्या कागदांवर लिहायचे ना तसं," ती म्हणाली. "बरं वाटतं का?" "बरं आहे," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच बरं वाटलं, त्या एका शब्दात कोणावर राग नव्हता.

नवं रूप सगळ्या शाळांत गेलं. पुढे काही दिवस फोन थरथरला की त्याचा हात खिशाकडे जायचा, आणि बँक असायची, किंवा खोलीचा मालक. त्याला वाटलं होतं, निदान वर्षअखेरपर्यंत कोणी काही बदलणार नाही; माणसं सहसा बदलत नाहीत, आहे ते चालू राहू देतात. मग एका दुपारी बायकोचा फोन आला.

"अरे, शाळेच्या ॲपमध्ये आता निवडता येतंय. मी ओटीपीसाठी माझा नंबर टाकलाय. तुला सांगून ठेवावं म्हटलं."

"बरं केलंस."

"तुझी पण सुटका. टिचकीच म्हणाली तसं करू या."

"ती म्हणाली?"

"हो ना. म्हणते, बाबाला त्रास होतो दरवेळी. तू कायम घाईत असतोस म्हणे, मेसेज सापडत नाही तुला, थांब थांब म्हणतोस. एकदा तर आकडाच चुकीचा सांगितलास. तिला वाटतं तुला नको असतं ते, कामातून उठवल्यासारखं होतं." ती क्षणभर थांबली. "मी म्हटलं तिला, तसं काही नसेल. पण आता तिचं ती ठरवायला लागलीय."

तो जिन्यात उभा होता. कठड्याचा रंग हाताला चिकटल्यासारखा वाटला, पण रंग जुना होता, हातच ओला झाला होता. त्याला सांगायचं होतं की मेसेज लगेच यायचा. प्रत्येक वेळी. तो मेसेज येऊन पडलेला असायचा आणि मी. पण हे वाक्य बायकोला सांगायचं वाक्य नव्हतं, ते तिच्याकडून मुलीकडे पोचेपर्यंत त्याचं काहीतरी दुसरंच झालं असतं. "नाही, तसं नव्हतं," एवढंच तो म्हणाला.

"असू दे रे," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी काहीतरी सैल झालेलं होतं. "तुझं नाव आहे तिथे. नाव नाही काढलेलं. नुसता नंबर बदललाय."

फोन ठेवल्यावर तो तिथेच पायरीवर बसला. वरून कोणीतरी उतरलं, त्याला वळसा घालून गेलं. नाव आहे. छापखान्याचा वास दाराखालून यावा तसं ते वाक्य त्याच्या आत पसरत गेलं. आपण एवढे दिवस तिच्या फोनची वाट बघत राहिलो, आणि तो आला की दोन्ही हातांनी धरून ठेवत राहिलो, आणि पलीकडे ती ऐकत होती की या माणसाला मी नकोय. दोघं एकच फोन बोलत होते. त्याला आपल्या बाजूचं सगळं नीट माहीत होतं, तिच्या बाजूला काय पोचतंय हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. आणि त्यानेही तिला फोन करता येतो, हे काही त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण करून म्हणायचं काय? तिच्याकडे दरवेळी एक कारण असायचं, सहा आकडी, स्वच्छ. त्याच्याकडे कधी कारणच नव्हतं. बिनकारणाचा फोन कसा करतात हे त्याच्या घरात कोणाला येत नव्हतं. त्याच्या वडिलांनी त्याला उभ्या आयुष्यात एक फोन केला, आणि तोही आई गेल्याचा.

दोन दिवस तो फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. तिसऱ्या दिवशी, शाळा सुटून ती घरी पोचली असेल अशा वेळी, त्याच पायरीवर बसून त्याने घरचा नंबर लावला. घंटा बराच वेळ वाजली.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

"बाबा?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय झालं?"

"काही नाही."

"आईला काही झालं?"

"नाही गं, कोणाला काही नाही झालं. सहज केला."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो तिने कमी केला. तो घाबरून बोलायला लागला. "काय करतेयस?" "काही नाही." "पोहणं?" "आज नसतं." "बरं." त्याच्याकडचं सगळं संपलं. इतक्या वेळा जे प्रश्न त्याने घाईघाईत कोंबले होते, ते आता मोकळी जागा मिळाल्यावर एकेका शब्दात संपत होते. तिला काहीतरी वाटत असणार, हे काय चाललंय, कधी ठेवणार. ठेवूनच द्यावा असं त्याला वाटलं. तरी त्याने विचारलं, "गणिताचा पेपर कसा गेला?"

"गणित मंगळवारी आहे."

"हो का. मग मंगळवारी करतो फोन."

"कशाला?"

"कसा गेला ते विचारायला."

ती विचार करत असावी. श्वास ऐकू येत होता, नाक चोंदलेलं होतं. "मंगळवारी नको," ती म्हणाली. "बुधवारी कर. पेपर वाईट गेला ना, तर मी त्या दिवशी कोणाशीच बोलत नाही. आईशीपण नाही. दुसऱ्या दिवशी बरी असते."

"बुधवारी करतो," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. तो पायरीवर बसून राहिला. वाईट पेपरच्या दिवशी ती कोणाशीच बोलत नाही, हे त्याला माहीत नव्हतं.